लंडनांतील टिपूचा वाघ

इ. स. १७९९ मध्यें श्रीरंगपट्टण पडलें आणि टिपू सुलतानाचा लांकडी वाघ इंग्रजांच्या हातीं लागला. वाघाच्या पंजांखालीं गोरा मनुष्य. दांडी फिरविली कीं याची गुरगुर व त्याचें कण्हणें ऐकूं येई. १८०८ पासून तो लंडनला ईस्ट इंडिया कंपनीच्या कचेरींत मांडलेला होता. येईल तो प्रवासी दांडी फिरवी. तेथील ग्रंथालयांतले वाचक अगदीं त्रासून जात. जेत्यांच्या राजधानींत जेत्याचेंच कण्हणें करमणूक ठरावें, हें विलक्षणच! १८८० मध्यें वाघ साउथ केन्सिंग्टनच्या संग्रहालयांत गेला. दुसऱ्या महायुद्धांत छप्पर कोसळून तो मोडला. पुढें तुकडे जुळवून पुन्हा उभा करण्यांत आला. आज तो कांचेआड आहे. हिंदुस्थानांतून गेलेला प्रवासी त्याच्यापुढें रेंगाळतो. दांडी मात्र हातीं येत नाहीं.