ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लागल्यास : अर्थ, कारणे आणि उपाय

पावसाळ्यात चोर्ला किंवा अनमोड घाट चढताना डॅशबोर्डवरील घसरत्या मोटारीचे पिवळे चिन्ह क्षणभर लुकलुकते आणि विझते. हा बिघाड नव्हे. ट्रॅक्शन कंट्रोल आपले काम करीत असल्याची ती खूण आहे. हेच चिन्ह स्थिरपणे पेटून राहिले, तर मात्र ती यंत्रणा बंद पडली आहे असे समजावे. हा भेद ठाऊक नसल्याने काही चालक विनाकारण घाबरतात, तर काही दिवा पेटलेला असतानाही महिनोन्महिने गाडी चालवीत राहतात.

यंत्रणेचे कार्य

ओल्या रस्त्यावर टायरची पकड सुटली की इंजिनाकडून शक्ती मिळणारे चाक जागच्या जागी गरगरू लागते. प्रत्येक चाकापाशी वेग मोजणारा सेन्सर असतो. एक चाक इतरांपेक्षा वेगाने फिरत असल्याचे त्यावरून कळताच गाडीतील संगणक त्या चाकाला हलका ब्रेक लावतो किंवा इंजिनाची शक्ती घटवतो. हेच सेन्सर एबीएससाठीही वापरले जातात. त्यामुळे एका सेन्सरचा बिघाड बहुधा दोन्ही यंत्रणांना बाधतो आणि दोन्ही दिवे एकत्र लागतात.

दिवे कसे वाचावेत

गाडी सुरू करताना सर्व दिवे काही सेकंद लागून विझतात. ती स्वयंतपासणी असते. चिन्हाखाली ‘ऑफ’ असे दिसत असल्यास बटण चुकून दाबले गेल्याचा संभव अधिक. एबीएसचा दिवाही पेटला असेल, तर साधे ब्रेक चालतात. मात्र जोराने ब्रेक दाबल्यास चाके जाम होऊन गाडी घसरू शकते. अशा वेळी वेग कमी ठेवावा आणि पुढील वाहनापासून अधिक अंतर राखावे. हँडब्रेक सोडलेला असूनही ब्रेकचा तांबडा दिवा लागला, तर गाडी सुरक्षित जागी थांबवावी. ब्रेक ऑईल कमी झालेले असू शकते. तपासणीपूर्वी ती पुढे चालवू नये.

घरच्या घरी तपासणी

प्रथम बटण पाहावे आणि गाडी बंद करून पुन्हा सुरू करावी. त्यानंतर टायर तपासावेत. चारही टायर गाडीसाठी ठरवलेल्या आकाराचे आणि योग्य हवेचे हवेत. एक टायर नवा व बाकीचे फार झिजलेले असतील किंवा लहान आकाराचे स्टेपनी चाक बसवले असेल, तर त्या चाकाचे फेरे वेगळे पडतात आणि संगणकाची फसगत होते.

बॅटरी क्षीण असल्यासही हा दिवा लागतो. उभ्या गाडीत चांगल्या बॅटरीचा दाब सुमारे १२.६ व्होल्ट, तर इंजिन चालू असताना साधारण १३.५ ते १४.५ व्होल्ट असतो. पुढे कुणाला तरी गाडीमागे उभे करून ब्रेक दाबावा. मागचे दिवे लागत नसतील, तर पेडलजवळचा स्विच किंवा फ्यूज बिघडलेला असू शकतो.

गॅरेजमध्ये

इंजिनाचा दिवाही पेटला असेल, तर तो दोष आधी दूर करावा. अनेकदा त्याबरोबर ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवाही विझतो. स्वस्त स्कॅनर बहुधा केवळ इंजिनाचे संकेतांक वाचतात. या बिघाडासाठी एबीएसचे संकेतांक वाचणारा स्कॅनर लागतो. मेकॅनिककडे तसा आहे का, हे आधीच विचारावे.

संकेतांक चाक दाखवतो, निकामी भाग नव्हे. सेन्सरवर चिखल साचणे, किनारपट्टीच्या खाऱ्या हवेने जोडणी गंजणे, वायर तुटणे ही कारणे आधी पाहावीत. कित्येकदा सफाईनेच काम भागते. त्यानंतर ताशी २० किलोमीटरच्या आसपास गाडी चालवून चारही चाकांचे आकडे स्कॅनरवर पाहावेत. ज्या चाकाचा आकडा मध्येच शून्यावर येतो, तेथे दोष असतो.

बेअरिंग बदलल्यानंतर लगेच दिवा लागला, तर विशेष लक्ष द्यावे. पुष्कळ बेअरिंगांच्या एका बाजूला चुंबकीय कडे असते. बेअरिंग उलटे बसल्यास सेन्सरला काहीच वाचता येत नाही. अशा वेळी नवा सेन्सर घेऊनही उपयोग होत नाही. व्हील अलाइनमेंटनंतर दिवा लागल्यास काही गाड्यांत स्टिअरिंगचा कोन मोजणारा सेन्सर स्कॅनरने नव्याने जुळवावा लागतो.

एबीएसचे मॉड्यूल हा यातील अत्यंत महाग भाग. वरील सर्व तपासण्या झाल्याविना ते बदलण्यास संमती देऊ नये.

दुरुस्तीनंतर

संकेतांक पुसून गाडी थोडी चालवून पाहावी. काही गाड्यांत चाके फिरून सेन्सरची खात्री पटल्यावरच दिवा विझतो. दोष न शोधता केवळ संकेतांक पुसला, तर दिवा पुन्हा लागतो. चिखलात किंवा वाळूत रुतलेली गाडी बाहेर काढण्यासाठी ट्रॅक्शन कंट्रोल तात्पुरते बंद करणे योग्य ठरते. पक्क्या रस्त्यावर येताच ते आठवणीने सुरू करावे. तपासणी पावसाळ्यापूर्वीच करून घेणे श्रेयस्कर, कारण या यंत्रणेची खरी गरज ओल्या वळणावरच भासते.