खाडीवरचे लोखंडी पूल आणि ते उभे करणारे हात

आपल्या वस्तीतली निम्मी माणसे विरार गाडीने ये-जा करतात. गाडी खाडीच्या पुलावर चढली की चाकांचा आवाज पालटतो, एवढेच आपल्या ध्यानात असते. पण या मार्गावरच्या पहिल्या पुलांचा इतिहास आम्हा कामगारांना माहीत हवा.

बी. बी. सी. आय. रेल्वे, म्हणजे आजची पश्चिम रेल्वे, १८६४ साली ग्रँट रोडपासून गुजरातेपर्यंत सलग जोडली गेली. वाटेत वसईची खाडी आणि वैतरणा तर होत्याच, शिवाय गावोगावच्या कितीतरी लहान खाड्या. ओहोटीला चिखल, भरतीला पाणी. असल्या ठिकाणी दगडी खांब बांधायचा म्हणजे आधी पाणी अडवा, मग खोल पाया खणा. कंपनीचे इंजिनिअर कर्नल केनेडी यांनी निराळा मार्ग काढला. सगळीकडे एकाच मापाचे, सुमारे ६० फुटांचे गाळे. खाडी लहान तर गाळे थोडे, मोठी तर जास्त. गिरणीत स्टोअरमधून सुटा भाग काढावा आणि कोणत्याही साच्याला बसवावा, तसेच हे. गर्डर विलायतेहून बोटीने यायचे. ते वॉरन पद्धतीचे, म्हणजे त्रिकोणांचे. चौकोनी चौकट दाबली तर कलते, त्रिकोण कलत नाही.

खांब बिडाचे, पोकळ, आणि बुडाला मळसूत्र! ही युक्ती बेलफास्टच्या अलेक्झांडर मिचेल यांची. ते तरुणपणीच आंधळे झाले होते, तरी १८३३ साली त्यांनी तिचे पेटंट घेतले. वर लांब दांडे लावायचे आणि माणसांनी, बैलांनी गोल फिरायचे. खांब पिळत पिळत चिखलात उतरायचा. लहान खाड्यांना हे मानवले. नर्मदेच्या पुरापुढे मात्र भागले नाही, तिथे १८८१ साली वेगळा भक्कम पूल उभारावा लागला. पुढे इंजिने जड झाली तसे इकडचेही मूळचे पूल बदलले गेले.

केनेडी, वॉरन, मिचेल ही नावे पुस्तकांत राहिली. दांडे फिरवणाऱ्यांची कोणी लिहून ठेवली? रूळ आणि पूल राखणाऱ्या गँगमनचे काय चालले होते, हे बाबासाहेबांनी फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडच्या परिषदेत उघड सांगितले. ती परिषद जी. आय. पी. रेल्वेच्या अस्पृश्य कामगारांची होती. आपला माणूस गँगमन म्हणून लागतो आणि जन्मभर गँगमनच राहतो. त्याला साधा पोर्टरही करत नाहीत, कारण स्टेशन मास्तर पोर्टरकडून घरची कामे करून घेतो आणि सवर्ण मास्तराला आपला माणूस घरात चालत नाही.