सरितामापन केंद्र

नदीची पाणीपातळी नियमित नोंदवून तिच्या आधारे विसर्ग ठरवण्याचे कायमचे ठिकाण. पावसाळ्यात अशा केंद्रांच्या बातमीत पातळीचे फूट आणि विसर्गाचे क्युसेक शेजारी शेजारी छापले जातात, आणि दोन्ही आकडे सारखेच पक्के वाटतात. ते तसे नसतात. पातळी मापनपट्टीवर वाचली जाते. विसर्ग बहुतेक वेळा तिच्यावरून काढलेला असतो. त्यासाठी आधी पात्राचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाची खोली आणि वेग घेतात. उथळ पाण्यात पृष्ठभागापासून ०.६ खोलीवरचा वेग पुरतो, खोल पाण्यात ०.२ आणि ०.८ खोलीवरच्या वेगांची सरासरी धरतात. क्षेत्रफळ गुणिले वेग, आणि सगळ्या पट्ट्यांची बेरीज, म्हणजे विसर्ग. वेगवेगळ्या पातळ्यांना अशी मोजणी करून पातळी-विसर्ग वक्र काढला, की पुढे नुसती पातळी वाचून क्युसेक सांगता येतात. गोची महापुरात होते. ओंडके वाहून येत असताना मोजणीसाठी पाण्यात नाव घालता येत नाही, म्हणून वक्र अंदाजाने वर ओढावा लागतो. ज्या पुराचा आकडा सर्वांना हवा असतो, नेमका तोच या ओढलेल्या भागात पडतो.

पात्र तेच, पातळी तीच, मग विसर्ग बदलेल कसा, असा आक्षेप येतो. पंचगंगा नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा चढलेली असेल तर तिच्या फुगवट्याने पंचगंगेचे पाणी तुंबते: संगमाजवळ पातळी उतरत नाही, वेग मात्र मंदावतो. चढत्या पुरात उतार जास्त असल्याने त्याच पातळीला उतरत्या पुरापेक्षा जास्त पाणी वाहते. शिवाय तळ खरवडला जातो, गाळ साचतो. रडार बसवले की प्रश्न मिटेल, हेही अर्धेच खरे. रडारला पृष्ठभागाचा वेग दिसतो. सरासरी वेग त्याच्या साधारण ०.८५ पट धरावा लागतो, आणि पुराखाली बदललेला तळ त्याला दिसत नाही.

मग फक्त पातळीच का देऊ नये? काठावरच्या माणसाला ती पुरते. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ४० फूट इशारा पातळी आणि ४५ फूट धोका पातळी. २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पण हे फूट त्या पट्टीच्या शून्यापासूनचे आहेत. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावरची ४३ फुटांची धोका पातळी त्यांच्याशी ताडून पाहण्यात अर्थ नाही. कोयना धरणातून किती सोडायचे आणि अलमट्टी धरणातून किती काढायचे, हा दोन राज्यांमधला हिशेब विसर्गावाचून मांडताच येत नाही. म्हणून विसर्गाचा आकडा गाळू नये. तो प्रत्यक्ष मोजलेला, वक्रावरून घेतलेला की ओढलेल्या वक्रावरचा, एवढे त्याच ओळीत छापावे.