वीज गेली, फाइल बिघडली : संगणकातील आराखडा परत कसा मिळवावा?

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात, तसेच शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल-हातकणंगले येथील औद्योगिक वसाहतींत कास्टिंगचा प्रवास आता बहुधा संगणकातील आराखड्यापासून सुरू होतो. त्या आराखड्यावरून पॅटर्न बनतो, पॅटर्नवरून वाळूचा साचा आणि साच्यातून लोखंडाचा जॉब. या साखळीतील पहिला दुवा म्हणजे एक फाइल. वळवाच्या पावसात विजांचा कडकडाट सुरू झाला आणि वीजपुरवठा अचानक खंडित झाला, तर चार दिवसांची मेहनत त्या फाइलबरोबर अडकून पडते. २००५ नंतरच्या भारनियमनाच्या वर्षांत वीज जाण्याची वेळ निदान ठाऊक असे. वादळात ती सवलतही नसते.

अशा वेळी फाइल उघडत नाही, म्हणजे सारे संपले, असा समज होतो. वस्तुस्थिती तशी नाही. बहुतेक प्रसंगी काम परत मिळते. मात्र ते बिघडलेल्या फाइलच्या दुरुस्तीतून क्वचित, आणि संगणकाने आपणहून राखून ठेवलेल्या दुसऱ्या प्रतीतून अधिक वेळा मिळते. ती प्रत पुसली जाऊ न देणे, हेच वीज परत आल्यानंतरच्या पहिल्या तासातील खरे काम असते.

फाइल बिघडते कशी?

आराखडा उघडा असतो तेव्हा त्यातील बदल संगणकाच्या तात्पुरत्या स्मृतीत, म्हणजे रॅममध्ये असतात. वीज जाताच ही स्मृती रिकामी होते. 'सेव्ह' केल्यावरही माहिती त्याच क्षणी डिस्कवर उतरते असे नाही. वेग वाढवण्यासाठी ती काही काळ कॅशमध्ये थांबते. विंडोजची एनटीएफएस ही फाइलव्यवस्था फाइलचे नाव, आकार आणि जागा यांची नोंद जपते. फाइलच्या आतील मजकुराची तशी हमी देत नाही. म्हणूनच काही वेळा फाइल जागेवर दिसते, तिचा आकारही योग्य असतो, पण आत केवळ शून्ये भरलेली असतात. अशा फाइलवर दुरुस्तीचा कोणताही उपाय चालत नाही, कारण दुरुस्त करण्याजोगे तिच्यात काही उरलेलेच नसते.

ऑटोकॅडच्या फाइलबाबत याची पारख सोपी आहे. फाइलची प्रत नोटपॅडमध्ये उघडून पाहावी. सुरुवातीला इंग्रजी 'एसी' ही अक्षरे आणि चार आकडे दिसले, तर किमान फाइलचा आरंभ शाबूत आहे. २००० च्या आवृत्तीसाठी हे आकडे १०१५, २०१३ साठी १०२७ आणि २०१८ साठी १०३२ असे असतात. तेथे काहीच दिसत नसेल, तर त्या फाइलवर वेळ न घालवता दुसऱ्या प्रतीच्या शोधास लागावे. नोटपॅडमध्ये उघडलेली फाइल मात्र कदापि सेव्ह करू नये.

आधी प्रत, मग उपाय

वीज आल्यानंतर दाब स्थिर होईपर्यंत थांबावे आणि मगच संगणक सुरू करावा. बिघडलेली फाइल तसेच त्याच फोल्डरमधील तिच्या नावाच्या इतर सर्व फाइली पेनड्राइव्हवर किंवा दुसऱ्या संगणकावर उतरवून घ्याव्यात. पुढचे सर्व प्रयोग या प्रतींवरच करावेत. डिस्क तपासणीचा 'चेकडिस्क' हा कार्यक्रमही प्रती काढल्यानंतरच चालवावा. तो फाइलव्यवस्था सुसंगत करतो, परंतु त्या खटाटोपात अर्धवट फाइलींचे तुकडे वेगळ्या नावाने बाजूला टाकतो. पुसलेली फाइल शोधणारे सॉफ्टवेअर त्याच डिस्कवर बसवू नये, कारण जी जागा शोधायची तीच त्याने व्यापली जाऊ शकते.

ऑटोकॅडमध्ये शोधाची दोन ठिकाणे आहेत. पहिले म्हणजे मूळ फोल्डरमधील 'बॅक' या शेपटाची फाइल. प्रत्येक सेव्हच्या वेळी आधीची प्रत या नावाने ठेवली जाते. तिचे शेपूट बदलून 'डीडब्ल्यूजी' केले की ती नेहमीप्रमाणे उघडते. दुसरे म्हणजे विंडोजच्या टेम्प फोल्डरमधील 'एसव्ही' आणि डॉलरचे चिन्ह असे शेपूट असलेली फाइल. ही आपोआप होणारी नोंद असून मूळ मांडणीनुसार ती दर १० मिनिटांनी होते. आराखडा रीतसर बंद केल्यास ही फाइल पुसली जाते. वीज गेल्यास ती मागे राहते. म्हणून टेम्प फोल्डर साफ करणारे कार्यक्रम अशा वेळी चालवू नयेत. २००६ च्या आवृत्तीपासून ऑटोकॅडमध्ये 'ड्रॉइंग रिकव्हरी मॅनेजर' आला. अपघातानंतर तो या प्रती एकत्र दाखवतो. प्रत्येकीची तारीख आणि वेळ पाहून निवड करावी.

दोन्ही ठिकाणी यश आले नाही, तर 'रिकव्हर' ही आज्ञा वापरावी. ती बिघडलेली फाइल तपासत उघडते. फाइल उघडत असून त्रास देत असल्यास 'ऑडिट' चालवावे. आणखी एक मार्ग म्हणजे कोरा आराखडा उघडून त्यात बिघडलेली फाइल 'इन्सर्ट' करणे. जाहिरात फलक आणि छपाईच्या कामात वापरल्या जाणाऱ्या कोरलड्रॉमध्येही 'बॅकअप ऑफ' या शब्दांनी सुरू होणाऱ्या प्रती शोधाव्यात.

याखेरीज घराबाहेर गेलेल्या प्रतींचाही विचार करावा. पॅटर्न मेकरला ई-मेलने पाठवलेली फाइल, ग्राहकाला दिलेली पीडीएफ, यंत्रासाठी काढलेली डीएक्सएफ यांतून बरेचसे काम पुन्हा उभे करता येते.

परत मिळाले, पण पूर्ण मिळाले का?

खरा धोका येथून पुढे असतो. न उघडणारी फाइल निदान काम थांबवते. उघडलेली, पण अपुरी फाइल चुकीचे काम पुढे नेते. दुरुस्तीच्या वेळी सुधारता न येणारे घटक वगळले जातात आणि 'बॅक' प्रतीत शेवटचे बदल नसतात. करड्या ओतीव लोखंडाच्या जॉबसाठी आकुंचनाची सूट साधारणतः एक टक्का, म्हणजे मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर धरतात. ही सूट शेवटच्या बदलात दिलेली असेल आणि जुनी प्रत पॅटर्न शॉपला गेली, तर चूक लक्षात येईपर्यंत लोखंड ओतले गेलेले असते. पडद्यावर मात्र दोन्ही आराखडे सारखेच दिसतात.

त्यासाठी 'ऑडिटसीटीएल' या सेटिंगचे मूल्य १ ठेवून ऑडिटचा अहवाल घ्यावा व किती चुका सापडल्या ते पाहावे. शेवटच्या छापील प्रतीशी मुख्य मापे, भोकांची संख्या, यंत्रकामासाठी सोडलेला माल आणि आवृत्तीचा क्रमांक ताडून पाहावा. तपासणी होईपर्यंत फाइलच्या नावात 'तपासणी बाकी' असा उल्लेख ठेवावा. पूर्ण समाधान झाल्यावरच ती नव्या नावाने सेव्ह करून पुढे पाठवावी.

पुढची काळजी

आपोआप नोंदीचा अवधी १० मिनिटांवरून ५ मिनिटांवर आणावा आणि तिचा फोल्डर सहज सापडेल असा ठरवावा. त्या नोंदीवर विसंबून हाताने सेव्ह करणे मात्र सोडू नये. यूपीएसचा उपयोग काम चालू ठेवण्यासाठी नव्हे, तर फाइल सेव्ह करून संगणक रीतसर बंद करण्यासाठी आहे. तिची बॅटरी काही वर्षांत क्षीण होते; म्हणून काम नसताना मुख्य वीज बंद करून ती किती मिनिटे टिकते, हे अधूनमधून मोजावे. साध्या इन्व्हर्टरवर वीज बदलताना लागणारा क्षण काही संगणकांना सोसत नाही आणि ते पुन्हा सुरू होतात.

दिवसाअखेरची एक प्रत त्या इमारतीबाहेर असावी. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेच्या महापुराने कोल्हापुरात अनेक इमारतींत पाणी शिरले. संगणक आणि त्याची प्रत एकाच टेबलावर असतील, तर पाण्यापुढे दोघांची गत एकच होते. रोज संध्याकाळी दहा मिनिटे देऊन काढलेली बाहेरची प्रत असेल, तर वीज गेल्यावर फार तर त्या दिवसाचे काम पुन्हा करावे लागते. संपूर्ण आराखडा नव्हे.