शेवटचं कडवं

आमच्या माळ्यावर पत्र्याच्या दोन पेट्या आहेत. एकीत सातबारा, सोसायटीच्या पावत्या, पोरांचे शाळेचे दाखले. दुसरीत वामनदादा कर्डक. घरातली म्हणते, आग लागली तर हा माणूस आधी दुसरी पेटी बाहेर काढील. खोटं नाही ते.

पेटीत गाण्यांच्या 41 चोपड्या आहेत, 26 कॅसेटी, 3 तबकड्या, एक कात्रणांची वही. आणि एक लांबट हिशेबवही, जिच्यात मी लोकांच्या तोंडून ऐकून गाणी उतरवली. तबकड्या वाजवायचं यंत्र माझ्याकडे कधीच नव्हतं. तरी घेतल्या. भंगारवाल्याच्या पोत्यात दादांचं गाणं दिसलं आणि हात मागे घेतला, असं झालं नाही.

वामनदादा सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. जन्म 15 ऑगस्ट 1922. सिन्नरहून घोटी, इगतपुरी करत कसारा घाट उतरला की आमचा शहापूर तालुकाच लागतो. म्हणजे माणूस तसा आमच्या उशाचाच. पण आमच्याकडे त्यांची गाणी घाटावरून आली नाहीत, मुंबईवरून आली. माझे चुलते, आम्ही त्यांना नाना म्हणायचो, गिरणीत होते आणि चाळीत राहायचे. 6 डिसेंबरला दादरला चैत्यभूमीवर जायचे आणि येताना चार-दोन पातळ चोपड्या आणायचे. रद्दीसारखा कागद, वर निळं नाहीतर गुलाबी कव्हर, मध्ये एक टाचणी. सुट्टीला गावी आले की त्या माझ्या हातात द्यायचे. वडलांना अक्षर येत नव्हतं, नानांना जेमतेम. मी सहावीत. चिमणीच्या उजेडात मी वाचायचो, नाना चालीवर घ्यायचे आणि सगळी आळी येऊन ओट्यावर बसायची. शाळेत गुरुजींपुढे वाचताना माझी जीभ अडायची, इथे कधी अडली नाही.

दादांना स्वतःलाही मोठेपणी अक्षर आलं, हे मला फार नंतर कळलं. मुंबईत असताना कुणीतरी त्यांच्याकडे पत्र वाचायला दिलं, ते वाचता येईना, आणि ती लाज त्यांच्या मनाला लागली. मग एका देहलवी मास्तरांकडून ते मुळाक्षरं शिकले. 1943 साली पहिलं गाणं केलं. तिथून पुढे आयुष्यभर गाणं आणि फिरणं. बाबासाहेबांचा विचार वाड्यावस्त्यांवर गाण्यातून पोचवायचा, हेच त्यांचं काम. दहा हजारांवर गाणी लिहिली म्हणतात. ‘वाटचाल’ 1973 ला आलं, ‘हे गीत वामनाचे’ 1977 ला. पण बाकीची कितीतरी गाणी पुस्तकात आलीच नाहीत. ती गायकांच्या वहीत राहिली, कुणाच्या खिशात, कुणाच्या नुसत्या तोंडात. मागेल त्याला गाणं द्यायचे. शेतकऱ्याने बी वाटावं तसं. बी वाटलं की पीक कुणाच्या खळ्यावर गेलं हे कोण बघतंय?

इथे एक गोष्ट सांगायला पाहिजे, कारण शिकलेली माणसंही चुकतात. जलशावाले भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. दोघे नाशिककडचे, आडनाव एक. एकाची कीर्ती दुसऱ्याच्या नावावर सांगताना मी भल्याभल्यांना स्टेजवर ऐकलंय.

आता मुद्द्याचं. जुन्या शाहिरांप्रमाणे, संतांप्रमाणे दादा गाण्याच्या शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफायचे, ‘वामन’ म्हणून. तोच त्यांचा सातबारा. पण तबकडीच्या एका बाजूला तीन-सव्वातीन मिनिटं बसायची. गाणं चार-पाच कडव्यांचं. मग काय कापायचं? शेपूट. आणि नाव तर शेपटातच! पुढे कॅसेट आली, जागा वाढली, पण गाणाऱ्यांनी तबकडीवर ऐकलं तेवढंच पाठ केलं होतं. माझ्या पेटीतल्या निम्म्या कॅसेटींवर गायकाचं नाव ठळक आणि गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ नाहीतर काहीच नाही. माणूस जिवंत, आणि त्याचं गाणं पारंपरिक!

कॅसेटी सांभाळायच्या म्हणजे आमच्या पावसात जिवावरचं काम. जून ते सप्टेंबर भिंतींना ओल येते, टेपेवर पांढरी बुरशी धरते. मी कडुनिंबाचा सुका पाला घालून बघितला, मग पेटीच चुलीच्या वरच्या माळ्यावर नेली. धुराने कव्हरं काळी पडली, पण टेप वाचली. एक वर्ष भेंडीच्या पैशातून औषध आणायला शहापूरला गेलो आणि कॅसेटी घेऊन आलो. त्यावर घरात काय झालं ते लिहीत नाही. आणखी 12 कॅसेटी होत्या, त्या पुतण्याने ऐकायला बदलापूरला नेल्या. 26 जुलै 2005 ला उल्हास नदी त्याच्या खोलीत शिरली. माणसं वाचली, तेव्हा कॅसेटींचं रडायचं कसं? पण त्यातल्या दोन मला पुन्हा मिळाल्या नाहीत.

दादांना मी प्रत्यक्ष ऐकलं नाही. एका उन्हाळ्यात ते खर्डीकडे येणार असं कळलं. त्या संध्याकाळी बैल फुगला. रात्रभर त्याला चालवत, तेल पाजत होतो. बैल वाचला. दादा आले होते की नाही, याबद्दल नंतर दोन्ही गोष्टी ऐकल्या. 15 मे 2004 ला ते नाशिकला गेले. मी राब भाजून बांध घालत होतो, तिथे पोराने येऊन सांगितलं. त्यांची गाणी गाणारे प्रल्हाद शिंदेही लगेच 23 जूनला गेले. सव्वा महिन्यात दोन्ही. तेव्हा मला भीती वाटली, की चोपड्या मिळतील, पण ज्यांच्या तोंडात गाणी आहेत ती माणसं आता भराभर जातील. तेव्हापासून हिशेबवही घेऊन फिरू लागलो.

आमच्याकडे जयंतीला एक गाणं हटकून होतं. आमच्या पार्टीचे बुवा ते आपल्या गुरूंचं म्हणून सांगायचे. मला पहिल्यापासून शंका, पण हातात पुरावा नाही. तीन कॅसेटी ऐकल्या, तिन्हींत शेवट तोडलेला.

पुढे पौषात म्हशाच्या जत्रेला गेलो. मुरबाडच्या या जत्रेत बैलांचा बाजार मोठा. बैल बघता बघता एक म्हातारा ढोलकीवाला भेटला. पूर्वी गायनपार्टीत होता. म्हणाला, “मला ठेका आठवतो, बोल नाय. बहिणीला येतंय. सरळगावच्या पलीकडं ऱ्हाते.” दुसऱ्या दिवशी किन्हवलीवरून सरळगाव गाठलं. तिथून चालत.

म्हातारी ओट्यावर तांदूळ पाखडत होती. म्हटलं, आजी, फक्त शेवटचं कडवं सांगा. ती म्हणाली, “मधूनच कसं येईल रं? पयल्यापास्नं म्हणावं लागंल.” मग तिने सूप खाली ठेवलं आणि पहिल्यापासून धरलं. आवाज फाटलेला, पण चाल जागच्या जागी. चौथं झालं, पाचवं आलं आणि त्यात दादांचं नाव आलं. माझा पेन तिथेच थांबला. तिला पुन्हा म्हणायला लावलं तर दुसऱ्या खेपेला दोन शब्द वेगळे. मी दोन्ही पाठ लिहून घेतले. विचारलं, कुठं शिकलात? म्हणाली, “लगीन व्हायच्या आदी. आम्ही अख्खंच म्हणायचो.”

नाव आलं म्हणजे गाणं शंभर टक्के त्यांचंच, असं मी म्हणत नाही. मागून कुणी आदराने नाव घातलेलंही असू शकतं. छापील चोपडीत सापडेपर्यंत वहीत त्या गाण्यापुढे प्रश्नचिन्ह ठेवलंय. काही महिन्यांपूर्वी पोरगा म्हणाला, मोबाईलवर टाकू या सगळं. टाकू म्हटलं, प्रश्नचिन्हासकट टाक.

बुवांकडे वही घेऊन गेलो तेव्हा ते आधी चिडले. मग चष्मा लावून दोनदा वाचलं. बोलले काही नाहीत, कडवं मात्र पोराकडून उतरवून घेतलं. 14 एप्रिलला रात्री साडेदहाच्या सुमारास ते गाणं आलं. चौथं कडवं संपलं, ढोलकीवाल्याने सवयीने तोडा घेतला. बुवांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि पाचवं म्हटलं. एक शब्द चुकला. घरी येऊन मी वहीत तारीख टाकली आणि तिसरा पाठ म्हणून तोही लिहून ठेवला.