एकच इंजिन, दोन हवामानं: गाडीतल्या उबेचा इतिहास

आजचा विषय वाचून काहींना वाटलं असेल, तत्त्वज्ञानाचा माणूस गॅरेजमध्ये काय करतोय? पण कार्यकारणभाव शिकवायला गॅरेजइतकी चांगली शाळा मला तरी माहीत नाही. तिथे अनुमान चुकलं तर बिल येतं.

आपले बरेच श्रोते शिकागो, मिनियापोलिस, टोरांटो या भागांतून ऐकतात. तिथला हिवाळा मी तुम्हाला सांगायला नको. पिकअप ट्रक ही तिकडची अगदी घरगुती गाडी, आणि तिची एक नेहमीची तक्रार अशी: हीटर चालू आहे, शेजारच्या सीटवर छान गरम हवा येते, आणि ड्रायव्हरच्या बाजूला मात्र गार. कधी याच्या उलट. इंजिन एक, पंखा एक, मग हवामानं दोन कशी?

याचं उत्तर हीटरच्या इतिहासात आहे. ऊब जिथे तयार होते तिथून माणसापर्यंत पोचवताना मध्ये एकेक दुवा वाढत गेला. प्रत्येक दुव्याने आधीची एक अडचण सोडवली आणि बिघडायला एक नवी जागाही दिली. म्हणून निदान करणं म्हणजे हा इतिहास एकेका दुव्याने तपासत जाणं.

सुरुवात कुठून करायची? इंटरनेटवर हमखास एक नाव सापडतं: शिकागोच्या मार्गारेट विलकॉक्स, 1893 सालचं पेटंट, 'कार हीटर'. आता बघा, 1893 मध्ये अमेरिकेत मोटारी होत्या कुठे? त्या काळी 'कार' म्हणजे मुख्यतः रेल्वेचा डबा. बाईंचं श्रेय कमी होत नाही. पण शब्दाचा अर्थ काळानुसार बदलतो, हे इतिहास वाचताना विसरायचं नाही.

पहिल्या मोटारी उघड्याच होत्या. त्यांत ऊब साठवणार कशी? लोक जाड घोंगड्या घेत, तापवलेले दगड किंवा निखाऱ्यांची पेटी पायाशी ठेवत. 1925 मध्ये फोर्डने मॉडेल टीचा पिकअप 281 डॉलरला बाजारात आणला, त्यालाही डोक्यावर कापडी टप होता. मात्र याच काळात मोटार झपाट्याने बंदिस्त होत गेली. 1919 मध्ये अमेरिकेत तयार होणाऱ्या दहा मोटारींतली जेमतेम एक बंद असे. 1927 पर्यंत हे प्रमाण 85 टक्क्यांच्या आसपास गेलं. भिंती आल्या, छप्पर आलं, तेव्हा कुठे आत ऊब सोडण्यात अर्थ आला.

ऊब तर इंजिनात फुकटच पडलेली होती. पेट्रोलच्या उष्णतेचा थोडाच हिस्सा चाकं फिरवतो. बाकीचा बराचसा धुरावाटे आणि थंड करणाऱ्या पाण्यावाटे निघून जातो. पहिला प्रयत्न धुराच्या वाटेवर झाला. फोर्ड मॉडेल एसाठी मिळणारे हीटर तापलेल्या एक्झॉस्टच्या भोवतालची हवा केबिनमध्ये घेत. युक्ती सोपी, पण धोका मोठा. पाइपाला बारीक चीर गेली तरी कार्बन मोनॉक्साइड आत येणार. त्याला ना रंग, ना वास. उबेबरोबर मृत्यू आत येऊ शकतो, हे लोकांना कळायला लागलं.

मग दुसरी वाट उरली, पाण्याची. इंजिनातलं गरम पाणी नळीने केबिनपर्यंत आणायचं, तिथे एका छोट्या रेडिएटरमधून फिरवायचं आणि त्यावरून हवा फुंकायची. या छोट्या रेडिएटरला आपण हीटर कोअर म्हणतो. पण इथेही एक अडचण होतीच. कडाक्याच्या थंडीत साधं पाणी गोठून इंजिनाचा ब्लॉक फोडतं. म्हणून त्यात अल्कोहोल घालत. ते गरम इंजिनात उडून जाई. 1927 मध्ये प्रेस्टोन नावाने एथिलीन ग्लायकॉल विकायला आलं आणि हा पेच सुटला. निम्मं ग्लायकॉल, निम्मं पाणी असं मिश्रण उणे 37 अंशांच्या आसपास गोठतं आणि सहजासहजी उडत नाही. म्हणजे रसायनशास्त्राने एक दुवा पक्का केला, तेव्हा हीटरचा दुवा टिकाऊ झाला.

1938 मध्ये नॅश कंपनीने पुढचं पाऊल टाकलं. केबिनमधलीच हवा पुन्हा पुन्हा तापवण्याऐवजी बाहेरची ताजी हवा घ्यायची, गाळायची, तापवायची आणि आत सोडायची. आतला दाब किंचित जास्त राहिल्यामुळे फटींतून गारठा शिरत नसे. पुढच्या वर्षी त्याला थर्मोस्टॅट जोडला गेला आणि 'वेदर आय' हे नाव मिळालं. 1964 मध्ये कॅडिलॅकने तापमान आपोआप राखणारी यंत्रणा दिली. 1960 च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेच्या संघीय सुरक्षा नियमांत समोरच्या काचेवरचं धुकं-बर्फ काढणारी यंत्रणा सक्तीची झाली. इथे हीटरचा दर्जाच बदलला. ती चैन राहिली नाही, समोरचं दिसण्याची अट झाली. त्यामुळे ड्रायव्हरच्या बाजूला गार हवा येते, ही तक्रार फक्त पाय गारठण्याची नाही.

शेवटचा दुवा आपल्या कोड्याचा. सगळ्यांना सारखी ऊब पुरेना, तेव्हा डावीकडे वेगळं आणि उजवीकडे वेगळं तापमान ठेवायची सोय आली. हीटर कोअर बहुधा एकच असतो. पण हवेच्या वाटा दोन होतात. प्रत्येक वाटेवर एक झडप असते, तिला ब्लेंड डोअर म्हणतात. ती गरम आणि गार हवेचं प्रमाण ठरवते. झडप फिरवणारी छोटी मोटर म्हणजे अॅक्च्युएटर, आणि तिच्या आत प्लास्टिकची दातेरी चाकं.

आता तर्काकडे येऊ. आपले नैयायिक अन्वय-व्यतिरेक सांगतात: कारण असेल तिथे कार्य असतं, कारण नसेल तिथे कार्य नसतं. जॉन स्टुअर्ट मिलने 1843 च्या आपल्या तर्कशास्त्राच्या ग्रंथात हीच गोष्ट पद्धतींच्या रूपात मांडली. आपल्या गाडीला ती लावून पाहा. एक बाजू गरम आहे, म्हणजे इंजिन तापतंय, पंखा फिरतोय, थोडंफार गरम पाणी कोअरपर्यंत येतंय. जे दोन्ही बाजूंना समान आहे, ते एकट्याने फरकाचं कारण होऊ शकत नाही. मग संशयित उरतात दोन: वाट फुटल्यानंतरची झडप, किंवा कोअरच्या आतच असलेली असमानता.

दुसरा संशयित जरा फसवा आहे. कोअर गाळाने अर्धवट तुंबला किंवा त्यात हवा अडकली, की पाणी मंद वाहतं. ते जिथून शिरतं तिथेच बरीचशी उष्णता देऊन टाकतं आणि पलीकडच्या टोकाला कोमट होऊन पोचतं. वस्तू एकच, पण तिची दोन टोकं सारखी नसतात.

आता दोघांना वेगळं कसं करायचं?

पहिलं, इंजिन पूर्ण गार असताना कूलंटची पातळी पाहा. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडू नका. दाबाखालचं पाणी उसळून तोंड भाजतं. पातळी कमी असेल तर गळती कुठे आहे ते आधी शोधा. डॅशबोर्डमागे पाणी खळखळल्यासारखा आवाज येत असेल, तर आत हवा अडकली आहे असं समजा.

दुसरं, इंजिन नीट तापल्यावर दोन्ही बाजू पूर्ण गरमवर ठेवा आणि इंजिनाकडून केबिनमध्ये जाणाऱ्या हीटरच्या दोन नळ्यांचं तापमान पाहा. फिरता पंखा आणि पट्टा यांच्यापासून हात लांब ठेवा. लांबून मोजणारा थर्मामीटर असेल तर उत्तम. दोन्ही नळ्या चांगल्या गरम असतील तर पाणी वाहतंय, संशय झडपेवर जातो. एक गरम आणि दुसरी जेमतेम कोमट असेल तर संशय कोअरवर.

तिसरं, मिलची सहपरिवर्तनाची पद्धत. गाडी उभी असतानाच इंजिनाचा वेग थोडा वाढवा. गार बाजूची हवा तापायला लागली, तर दोष पाण्याच्या प्रवाहात आहे. काहीच बदललं नाही, तर फक्त त्या बाजूचं बटण पूर्ण गारपासून पूर्ण गरमपर्यंत फिरवा. हवा तशीच राहिली, किंवा आतून टक्-टक् आवाज आला, तर झडप अडकली आहे किंवा अॅक्च्युएटरचे दाते गेले आहेत.

उपाय निदानामागून येतात. हवा अडकली असेल तर गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या पद्धतीने ती काढायची. कोअर तुंबला असेल तर दोन्ही नळ्या सोडून कमी दाबाच्या पाण्याने आधी उलट्या, मग सुलट्या दिशेने धुवायचा. निघालेलं कूलंट भांड्यात धरा, ते विषारी आहे आणि चवीला गोड, कुत्र्या-मांजरांचा जीव जातो. नंतर पुस्तिकेत सांगितलेलंच कूलंट भरा. दोन वेगळ्या जातींचं मिश्रण गाळ करू शकतं, आणि गळती थांबवणारी पावडर कोअरच्या बारीक वाटाही बुजवू शकते. झडपेचा दोष असेल तर बहुतेक वेळा अॅक्च्युएटर बदलून भागतं.

हा क्रम का पाळायचा? अनेक पिकअपमध्ये कोअर बदलायला अख्खा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. अॅक्च्युएटर त्या मानाने स्वस्त, कित्येकदा हाताशी. नुसत्या अंदाजावर भाग बदलत गेलात तर मोठं बिल भरूनही पाय गारच राहतील. मेकॅनिककडे जाणार असाल तर 'हीटर बिघडलाय' एवढंच सांगू नका. नळ्या किती गरम होत्या, वेग वाढवल्यावर काय झालं, बटण फिरवल्यावर काय झालं, हे तीन अनुभव त्याच्यापुढे ठेवा. चांगल्या मेकॅनिकचं निम्मं काम तिथेच होतं, आणि घाई करणाऱ्याला थांबवायला तुमच्या हाती युक्तिवाद असतो.

आज इथेच थांबतो. प्रश्न असतील तर जरूर विचारा.