थाळनेरचा किल्ला कुणी कुणाच्या हवाली केला?

मी मेहरूणमध्ये बचत गटांचं काम बघते. गटाची खजिनदार बदलते तेव्हा आपण काय करतो? सगळ्या जणी बसतात. पासबुक, रोकड वही, कुणाकडे किती कर्ज बाकी आहे, सगळं वाचून दाखवतात. ठराव होतो, सह्या होतात. जी बैठकीला आली नाही, तिच्या घरी जाऊन सांगतो. मगच बँकेतली सही बदलते.

एक राज्य जाऊन दुसरं येतं, तेव्हाही असंच व्हायला हवं. आपल्या खानदेशात १८१८ साली काय झालं, ते आज सांगते.

तेव्हा खानदेशाचा मुलूख पेशवे, होळकर आणि शिंदे यांच्यात वाटलेला होता. होळकरांच्या गादीवर लहानगा मल्हारराव. कारभार पाहणाऱ्या तुळसाबाईंना त्यांच्याच माणसांनी लढाईच्या तोंडावर मारलं. २१ डिसेंबर १८१७ ला महिदपूरला होळकरांची फौज इंग्रजांपुढे हरली. ६ जानेवारी १८१८ ला मंदसौरचा तह झाला आणि होळकरांचा सातपुड्याच्या दक्षिणेचा मुलूख इंग्रजांना मिळाला. शिरपूर तालुक्यातलं तापीकाठचं थाळनेर त्यातच आलं.

तह झाला दूर माळव्यात. थाळनेरच्या किल्लेदाराने मात्र किल्ला सोडला नाही. २७ फेब्रुवारीला जनरल हिस्लॉपची फौज येऊन ठेपली. तोफा चालल्या. दरवाजाशी शरणागतीची बोलणी होताना गोंधळ झाला, झटापट झाली, इंग्रज अधिकारी मारले गेले. मग आतली सुमारे तीनशे माणसं कापली गेली. किल्लेदाराला फाशी दिलं. कारण काय, तर मालकाने किल्ला देऊन टाकल्यावर लढणारा तो बंडखोर!

पुढच्या वर्षी खुद्द इंग्लंडच्या संसदेत या फाशीवर प्रश्न विचारले गेले. पण गेलेली माणसं परत येत नाहीत.

गंमत बघा, याच फेब्रुवारीत, ११ तारखेला, एल्फिन्स्टनने साताऱ्याला जाहीरनामा काढला होता. पेशव्यांच्या मुलखातली वतनं, इनामं, वर्षासनं चालू राहतील, असा शब्द दिला होता. म्हणजे नव्या सरकारला आपली जबाबदारी कळत होती. पण कागदावर ज्याचं नाव, त्याला शब्द मिळाला. डोंगरातल्या भिल्लांचे राखणदारीचे हक्क धामधुमीत बुडाले होते. उठाव वर्षानुवर्षं चालले. शेवटी १८२५ मध्ये औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली, तिचं ठाणं आपल्या धरणगावला होतं.

मला यातून दोन गोष्टी दिसतात. जाणाऱ्या सरकारने आपल्या शेवटच्या चौकीपर्यंत, शेवटच्या शिपायापर्यंत खबर पोचवावी आणि त्याच्या जिवाची हमी मागून घ्यावी. येणाऱ्या सरकारने मुलूख घेताना त्यावरची देणीही घ्यावीत. नुसता महसूल घेऊन चालत नाही.

पोरासोरांना घेऊन कधी थाळनेरला जा. तापीच्या काठावर उभ्या राहा. आणि पुढच्या वेळी गटाची वही हाती घ्याल तेव्हा शिल्लक मोजण्याआधी विचारा, "कुणाला सांगायचं राहिलंय का?"